फ्लॅशचा दुभाष्या

पेन ड्राइव्ह खिशात टाकताना आपली समजूत असते, की आतली चिप दिलेलं सगळं जसंच्या तसं जपून ठेवते. खरं तर ती चिप तेवढी भरवशाची नाही. भरवसा ठेवायचा तो तिच्या आणि संगणकाच्या मध्ये बसलेल्या दुभाष्यावर. फ्लॅश मेमरीचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख फारसा होत नाही, म्हणून आज थोडं त्याच्याविषयी.

१९८४ साली तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत नव्या स्मृतीची कल्पना मांडली. वीज गेली तरी तिच्यातलं लिहिलेलं टिकतं आणि पुसायचं झालं तर अख्खा भाग एका दमात पुसता येतो. हे पुसणं पाहून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. १९८७ मध्ये मासुओकांच्याच गटाने ‘नँड’ हा प्रकार मांडला. त्यात स्मृतीचे कण माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले असतात. जोडण्या कमी, जागा कमी, म्हणून किंमतही कमी. (शोधाच्या मोबदल्यासाठी मासुओकांना २००४ मध्ये तोशिबाविरुद्ध न्यायालयात जावं लागलं. मागणी होती एक अब्ज येनची. २००६ मध्ये तडजोड झाली ८ कोटी ७० लाखांवर.)

ही स्वस्ताई फुकट मिळाली नाही. नँड चिपला हुकूम, पत्ता आणि माहिती या तिन्ही गोष्टी त्याच आठ तारांवरून द्याव्या लागतात. आता तारांवर यातलं काय चाललंय, हे सांगायला वेगळ्या खुणेच्या तारा. लिहायचं ते पानापानाने. २००० नंतरच्या दशकातल्या पुष्कळ चिपांत पान २,०४८ बाइटचं, आणि अशा ६४ पानांचा एक ब्लॉक. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक! एक अक्षर बदलायचं तरी मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर उतरवायचा आणि तो कुठे हलवला याची नोंद ठेवायची.

शिवाय काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब निघतात. कारखाना ते लपवत नाही, त्यांवर खूण करून चिप विकतो. चांगले ब्लॉकही पुसून पुसून झिजतात. लिहिताना एखादा बिट उलटाही पडतो. ती चूक शोधून दुरुस्त करायची युक्ती रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच प्रसिद्ध केली होती. तिच्या आधारे दर २५६ बाइटमागे अवघे २२ बिट जास्तीचे ठेवले, की एक चुकलेला बिट नेमका सापडतो. हे सगळं सांभाळायचं कुणी? तर मधल्या दुभाष्याने.

हा दुभाष्या घडवायचं एक साधनही नेमकं १९८४ चंच. त्या वर्षी कॅलिफोर्नियात झायलिंक्स कंपनी निघाली. तिचे एक संस्थापक रॉस फ्रीमन यांची कल्पना अशी, की चिपच्या आतल्या जोडण्या कारखान्याने कायमच्या ठरवायच्याच नाहीत. वापरणाऱ्याने हव्या तशा जुळवाव्यात आणि उद्या बदलाव्यात. १९८५ च्या पहिल्या चिपमध्ये असे ६४ तार्किक ठोकळे होते. हीच एफपीजीए. फ्रीमन १९८९ मध्येच वारले. गंमत पाहा, झायलिंक्सची ही चिप वीज गेली की स्वतःच्या जोडण्या विसरते! त्या दुसऱ्या चिपमध्ये लिहून ठेवाव्या लागतात, आणि ती बहुधा फ्लॅशच असते. म्हणजे फ्लॅशला सांभाळणाऱ्या दुभाष्याला दर वेळी स्वतःची अक्कलही फ्लॅशकडूनच घ्यावी लागते.

आता वेगाचं. साधारण एक पान तारांवरून पोचायला ५० मायक्रोसेकंद लागत, पण चिपला ते आत उतरवायला सुमारे २००. तेवढा वेळ दुभाष्याने स्वस्थ बसायचं का? भाकऱ्या थापणारी बाई एका तव्यापाशी ताटकळत नाही, चार चुली पेटलेल्या असतील तर एक भाकरी भाजेपर्यंत दुसऱ्या तव्यावर दुसरी टाकते. तशाच एका तारांच्या जुडग्यावर चार चिपा कामाला लावता येतात, आणि अशी अनेक जुडगी शेजारी शेजारी ठेवता येतात. कोणती चिप मोकळी, कोणती कामात, हे पाहणारी यंत्रणा एफपीजीएत प्रत्येक जुडग्यासाठी वेगळी उभारता येते. एकाच प्रोसेसरला सगळीकडे धावाधाव करावी लागली असती.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या फ्यूजन-आयओ कंपनीने २००८ च्या सुमारास नेमकं हेच विकायला आणलं: एका कार्डावर शेजारी शेजारी फ्लॅश चिपा आणि मध्ये झायलिंक्सची एफपीजीए. स्वतःची पक्की चिप का नाही केली? कारण एकदा ओतलेली चिप बदलत नाही, आणि फ्लॅशची तऱ्हा मात्र दर पिढीला बदलत होती. सर्वांची बोली एक व्हावी म्हणून डिसेंबर २००६ मध्ये ‘ऑन्फी’ हे प्रमाण ठरलं होतं खरं, पण तोशिबा आणि सॅमसंग हे दोन बडे उत्पादक त्यात नव्हते. एफपीजीए असल्यावर नवी बोली आली की नव्या जोडण्या भरायच्या. कोणतं पान कुठे हलवलं याचा हिशेब मात्र कंपनीने यजमान संगणकावरच सोपवला. त्याने त्याची स्मृती बरीच अडायची. माझ्या मते हा सौदा सर्वांना परवडणारा नव्हता.

२००९ मध्ये या कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ म्हणून आले अॅपलचे स्टीव्ह वॉझनियॅक. १९७८ मध्ये त्यांनीच अॅपलच्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी असाच एक दुभाष्या केला होता, मोजक्या चिपांचा. तेव्हा तर एफपीजीएचा जन्मही व्हायचा होता.