सूट आणि सुटका : मुंबईच्या सागरी व्यापारातील मक्तेदारीचा एक अध्याय

व्यापारी मराठीत 'सूट' हा शब्द इतका रुळलेला आहे की 'सुटणे' ह्या क्रियापदाशी असलेले त्याचे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. देण्यापैकी काही भाग सुटला, तेवढ्यापुरता देणारा मोकळा झाला, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सागरी व्यापारात एक अशी सूट रूढ झाली, की जी घेणाऱ्याला मोकळा करण्याऐवजी बांधून ठेवीत असे. हिंदी जहाज कंपन्यांच्या पीछेहाटीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दरयुद्धाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बलाढ्य परकीय कंपनीने भाडे उतरविले आणि दुबळी स्वदेशी कंपनी बुडाली, एवढ्यावर तो संपतो. ही हकीकत खोटी नव्हे; पण अपुरी आहे. भाड्यातील कपात ही मक्तेदारीची दिसणारी आणि तात्पुरती बाजू होती. तिचे कायमचे बळ त्या सुटीला जोडलेल्या अटीत होते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इ. स. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडील मार्गांवर आगबोटींची गर्दी झाली. आगबोटीच्या धंद्याचे एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. ठरलेल्या दिवशी सुटणारी बोट अर्धी रिकामी गेली काय किंवा भरून गेली काय, तिचा बहुतेक खर्च सारखाच असतो. त्यामुळे उरलेली जागा भरण्यासाठी मिळेल ते भाडे पत्करण्याचा मोह प्रत्येक कंपनीला होतो आणि स्पर्धा सर्वांनाच तोट्यात नेते. ह्यावर उपाय म्हणून इ. स. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या मार्गावरील कंपन्यांनी आपसांत करार करून समान दर ठरविले. अशा संघटनेला तिचे सभासद 'कॉन्फरन्स' म्हणत. बाहेरचे लोक तिलाच 'रिंग', म्हणजे कडे, म्हणत. पहिल्या नावात विचारविनिमय सूचित होतो, दुसऱ्यात कोंडी. वस्तू एकच, नाव ठेवणारा कड्याच्या आत उभा आहे की बाहेर, एवढाच फरक.

पण केवळ दर समान करून भागत नव्हते. चढे दर पाहून बाहेरची एखादी बोट स्वस्त भाड्याने माल उचलू लागली, तर कडे फुटणारच. हे टाळण्यासाठी इ. स. १८७७ मध्ये कलकत्त्याकडे येणाऱ्या मँचेस्टरच्या कापडावर जी योजना लागू झाली, तिला आपण 'स्थगित सूट' म्हणू. तिची रचना अशी. व्यापाऱ्याने प्रथम पूर्ण भाडे भरावयाचे. सहा महिने आपला सर्व माल त्याने परिषदेच्याच बोटींनी पाठविला, तर भाड्याचा काही भाग, साधारणतः दहावा हिस्सा, त्याच्या नावे सूट म्हणून जमा होई. मात्र ही रक्कम लगेच हाती पडत नसे. पुढचे सहा महिनेही तो एकनिष्ठ राहिला तरच ती मिळे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा व्यापारी दर सहामाहीस दहा हजार रुपये भाडे भरतो. जूनअखेर त्याच्या नावे एक हजार रुपये जमले. ते डिसेंबरअखेर मिळावयाचे. डिसेंबरात एक बाहेरची बोट बंदरात आली आणि एका खेपेत तीनशे रुपये वाचविण्याची तयारी तिने दाखविली. व्यापाऱ्याने ती पत्करली, तर पहिल्या सहामाहीचे एक हजार तर बुडतातच, पण चालू सहामाहीत जवळजवळ जमलेले दुसरे एक हजारही बुडतात. म्हणजे तीनशे वाचविण्यासाठी दोन हजारांवर पाणी सोडावयाचे. बाहेरच्या बोटीला हा व्यापारी आपल्याकडे ओढावयाचा असेल, तर एकाच खेपेच्या भाड्यात तिने त्याचे वर्षभराचे नुकसान भरून दिले पाहिजे. कोणत्याही नवागताला हे शक्य नव्हते. ह्या व्यवहारातील मर्म असे, की स्पर्धकाला अडविण्यासाठी परिषदेला स्वतःचा पैसा खर्चावा लागत नसे; व्यापाऱ्याचाच पैसा त्याच्याविरुद्ध ओलीस ठेवलेला असे.

ही पद्धत कायद्याच्या कसोटीलाही उतरली. चीनमधील हँकाऊ बंदरातून चहा नेणाऱ्या परिषदेने मोगल स्टीमशिप कंपनीला बाहेर ठेवले होते. इ. स. १८८५ च्या हंगामात त्या कंपनीच्या बोटी तेथे आल्या, तेव्हा परिषदेने भाडे पाडले आणि केवळ आपल्याच बोटींनी माल पाठविणाऱ्यांना पाच टक्के सूट देऊ केली. मोगल कंपनी न्यायालयात गेली. इ. स. १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अखेरचा निर्णय दिला : आपला व्यापार राखण्यासाठी व नफा वाढविण्यासाठी केलेले हे कृत्य बेकायदेशीर साधनांचा आश्रय न घेता झालेले असल्यामुळे दाव्याला आधार नाही.

ह्या निर्णयाला दोन वर्षे होतात न होतात तोच मुंबईत जमशेटजी टाटांनी तोच अनुभव घेतला. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनकडे आणि कापूस जपानकडे जात असे. ह्या मार्गावर पेनिन्शुलर अँड ओरिएंटल ही ब्रिटिश कंपनी, तसेच ऑस्ट्रियन व इटालियन कंपन्या एकजुटीने दर ठरवीत. इ. स. १८९३ मध्ये टाटा जपानला गेले आणि निप्पॉन यूसेन कैशा ह्या जपानी कंपनीशी त्यांनी सहकार्याचा करार केला. टाटांनीही बोटी भाड्याने घेऊन 'टाटा लाइन' सुरू केली. नव्या बोटींनी सुताचे भाडे टनामागे बारा रुपयांवर आणले. तेव्हा प्रतिपक्षाने ते दीड रुपयापर्यंत खाली नेले. मात्र हा दर सर्वांना खुला नव्हता. टाटांच्या किंवा जपानी बोटींशी आपला संबंध नाही असे लिहून देणाऱ्यांसाठी तो होता. प्रारंभी टाटांना पाठिंबा देणारे गिरणीवाले एकेक करून दुसऱ्या बाजूस गेले आणि टाटा लाइन गुंडाळावी लागली.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. त्याच युद्धात जपानी कंपनी का टिकली? तिच्या पाठीशी पुढे सरकारी साहाय्य आले हे खरे. परंतु त्याआधीच जपानच्या सूतगिरण्यांच्या संघाने आपला हिंदी कापूस तिच्याच बोटींनी आणण्याचा करार करून दरसाल किमान पन्नास हजार गासड्यांची हमी दिली होती. बांधिलकीचे जे साधन परिषदेने व्यापाऱ्यांवर लादले होते, तेच जपानी ग्राहकांनी एकत्र येऊन स्वेच्छेने स्वतःवर घेतले. मुंबईचे गिरणीवाले एकेकटे होते, आणि एकेकट्याला दीड रुपयाचा दर नाकारणे अव्यवहार्यच होते. त्यांना स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण दोष व्यक्तींच्या वृत्तीपेक्षा संघटनेच्या अभावाकडे अधिक जातो. इ. स. १८९६ मध्ये प्रतिपक्षाने जपानी कंपनीशी तह केला आणि कालचा आव्हानकर्ता कड्याच्या आत येऊन बसला.

ह्यानंतरच्या प्रयत्नांतही हेच दोन शेवट आढळतात. इ. स. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळे ह्यांनी तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ब्रिटिश इंडिया कंपनीने कोलंबोचे उतारूभाडे पाडत नेले. शेवटी फुकट प्रवास आणि वर छत्री देऊ केल्याची आठवण सांगितली जाते. इ. स. १९०८ मध्ये पिळ्ळे ह्यांना अटक झाली आणि काही वर्षांतच कंपनी संपली. इ. स. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी मुंबईत सिंदिया कंपनी स्थापिली. तिच्या पहिल्या बोटीचे नाव 'लॉयल्टी', म्हणजे निष्ठा. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेल्या त्या बोटीला हे नाव महायुद्धातील साम्राज्यसेवेमुळे पडलेले होते. ज्या धंद्यात व्यापाऱ्याची निष्ठा सुटीच्या रकमेने विकत घेतली जाई, त्या धंद्यात हे नाव घेऊन एका हिंदी कंपनीने उतरावे, हा योगायोग विलक्षण खरा. सिंदियालाही दरयुद्धास तोंड द्यावे लागले. इ. स. १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार होऊन तिला किनारी परिषदेत स्थान मिळाले. मोबदल्यात आपली जहाजे पंचाहत्तर हजार टनांच्या पुढे न नेण्याचे व किनारी व्यापारापुरते राहण्याचे बंधन तिने पत्करले. बुडणे किंवा मर्यादा मान्य करून आत येणे, हे दोनच मार्ग होते. बाहेर राहून टिकणे हा तिसरा मार्ग स्थगित सुटीने बंद केला होता. म्हणूनच मध्यवर्ती विधिमंडळात साराभाई हाजी ह्यांनी किनारी व्यापार राखीव ठेवण्याच्या विधेयकाबरोबर ही सूट रद्द करण्याचाही प्रश्न मांडला. त्यांच्या प्रयत्नांना त्या काळी कायद्याचे रूप आले नाही. अमेरिकेने मात्र इ. स. १९१६ च्या कायद्यानेच स्थगित सुटीस बंदी केली होती.

परिषदेच्या बाजूनेही काही म्हणता येते. नियमित फेऱ्या आणि स्थिर दर ह्यांचा व्यापाऱ्यांना लाभ होता, आणि इ. स. १९०९ मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगातील बहुमताने ह्याच कारणास्तव ही पद्धत सह्य मानली. पुढे इ. स. १९५८ मध्ये जॉन मॅगी ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने तर तोटा सोसून स्पर्धक बुडविणे हा सामान्यतः शहाणपणाचा व्यवहारच नव्हे, असे प्रतिपादन केले. परंतु ब्रिटिश जहाज परिषदांच्या इतिहासाचा अभ्यास करून फिओना स्कॉट मॉर्टन ह्यांनी इ. स. १९९७ मध्ये असे दाखविले, की ज्या नवागतांचे आर्थिक बळ कमी त्यांच्यावरच दरयुद्ध लादले जाण्याचा संभव अधिक होता. भारताच्या इ. स. २००२ च्या स्पर्धा कायद्यात प्रतिस्पर्ध्याला नाहीसे करण्याच्या हेतूने खर्चाखाली किंमत लावणे हा प्रबळ स्थानाचा गैरवापर मानला आहे. आणि युरोपीय संघाने जहाज परिषदांना दिलेली सवलत इ. स. २००८ मध्ये संपुष्टात आली. मोगल खटल्यातील निर्णयापासून येथवर येण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

तेव्हा औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाने दरांचे तक्ते पाहताना केवळ किती उतरले एवढेच पाहून थांबू नये. तो दर कोणाला मिळत होता, कोणत्या अटीवर मिळत होता आणि त्याचा लाभ प्रत्यक्ष हाती केव्हा पडत होता, हेही त्याने विचारले पाहिजे. मुंबईच्या व्यापाऱ्याला सूट मिळत होती ह्यात शंका नाही. ती घेऊन तो सुटत नव्हता, हे त्या तक्त्यांत लिहिलेले नसते.