पुतळ्याच्या डोक्यावर ट्रॅफिक कोन, ताटात हॅगिस: स्कॉटिश लोकांना आपल्या मुलखाचं एवढं कौतुक का?

ग्लासगो शहराच्या मध्यभागी, आधुनिक कला संग्रहालयासमोर, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आणि त्याआधी १८०३ मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्ध लढलेला हाच तो सेनापती. पण ग्लासगोकरांना त्याच्या पराक्रमात फारसा रस नाही. गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी रात्री पुतळ्यावर चढतं आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावरचा केशरी ट्रॅफिक कोन ठेवून येतं. प्रशासन तो काढतं, काही दिवसांत नवा येतो.

२०१३ मध्ये पालिकेने यावर उपाय म्हणून पुतळ्याचा चौथरा उंच करायचं ठरवलं. खर्च होता ६५ हजार पौंड. बातमी बाहेर येताच ‘कोन वाचवा’ अशी ऑनलाइन मोहीम सुरू झाली आणि पालिकेला योजना गुंडाळावी लागली. आज तो कोन टी-शर्टवर आणि पोस्टकार्डांवर दिसतो. अज्ञात चित्रकार बँक्सीने २०२३ मध्ये ग्लासगोत प्रदर्शन भरवलं, तेव्हा या पुतळ्याला त्याने ब्रिटनमधली आपली सर्वांत आवडती कलाकृती म्हटलं होतं.

स्कॉटिश अभिमान हा असा आहे. स्वतःची थट्टा करत, पण हक्क न सोडता केलेला.

स्कॉटलंड देश आहे की राज्य?

दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. १७०७ मध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या संसदा एक झाल्या आणि ग्रेट ब्रिटन अस्तित्वात आलं. पण विलीन होतानाही स्कॉटलंडने आपली न्यायव्यवस्था, आपलं चर्च आणि आपल्या शाळा वेगळ्या ठेवल्या. स्कॉटिश बँका आजही स्वतःच्या नोटा छापतात. १९९९ मध्ये एडिनबरामध्ये स्वतंत्र संसद पुन्हा सुरू झाली. २०१४ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्येच राहायचा कौल दिला, ४५ टक्क्यांनी वेगळं व्हायचा.

लोकसंख्या साधारण ५४ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. शेजारी दहापट मोठा इंग्लंड. अशा वेळी आपण वेगळे आहोत हे रोजच्या जगण्यातूनच सांगावं लागतं: कपड्यांतून, खाण्यातून आणि मुख्य म्हणजे बोलण्यातून.

किल्ट खरंच प्राचीन आहे का?

प्राचीन आहे, पण आज दिसतो तसा नाही. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, पुरुष लोकरीचं लांबरुंद कापड कमरेला पट्ट्याने बांधत आणि उरलेलं खांद्यावर घेत. दिवसा पोशाख, रात्री पांघरूण. त्याचा फक्त खालचा भाग ठेवून छोटा किल्ट अठराव्या शतकात रूढ झाला. तो टॉमस रॉलिन्सन नावाच्या इंग्रज लोखंड कारखानदाराने आणला, अशी एक कथा आहे. स्कॉटिश माणसाला ती ऐकवून बघावी, वाद हमखास होतो.

खरं वळण आलं ते १७४६ मध्ये. कलोडनच्या लढाईत जेकोबाइट बंडखोरांचा पराभव झाला आणि ब्रिटिश सरकारने हायलँड पोशाखावरच बंदी घातली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं देशाबाहेर हद्दपारी. सूट होती ती फक्त ब्रिटिश लष्करातल्या सैनिकांना. १७८२ मध्ये ही बंदी उठली.

त्यानंतर जेमतेम ४० वर्षांनी, १८२२ मध्ये, राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला आणि त्याने स्वतःच किल्ट घातला. खाली गुलाबी तंग विजार होती, त्यावरून व्यंगचित्रकारांची चंगळ झाली. या सोहळ्याची सगळी आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांची होती. ज्या वेशासाठी माणसं तुरुंगात गेली होती, तोच दरबारी पोशाख झाला. घराण्यागणिक ठरलेला टार्टन, म्हणजे चौकटींचा नमुना, ही कल्पनाही मुख्यतः याच काळात पसरली. आज टार्टनची सरकारी नोंदवही आहे आणि त्यात कुणीही नवा नमुना नोंदवू शकतं.

तरी लग्नात किल्ट घालणाऱ्या तरुणाला यातल्या कशाचीच अडचण वाटत नाही. परंपरा दोनशे वर्षांची आहे की हजार, याचा हिशेब नाचताना कुणी करत नाही.

एका कवीसाठी जेवणाची पंगत

२५ जानेवारीला स्कॉटलंडमध्ये, आणि स्कॉटिश माणूस जिथे असेल तिथे, ‘बर्न्स सपर’ होतं. रॉबर्ट बर्न्स हा १७५९ मध्ये अ‍ॅलोवे गावात जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. त्याने स्कॉट्स भाषेत लिहिलं आणि ३७ व्या वर्षी तो गेला. १८०१ मध्ये त्याचे मित्र त्याच्या आठवणीत जेवायला जमले आणि तिथून ही प्रथा सुरू झाली.

पंगतीचा मान हॅगिसला. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस, ओट्स, कांदा, चरबी आणि मसाला एकत्र करून पूर्वी मेंढीच्या जठरात भरून शिजवत. आता बहुतेक वेळा कृत्रिम आवरण असतं. वजडी आवडीने खाणाऱ्यांना यात नाक मुरडण्यासारखं काही वाटणार नाही. बॅगपाइपच्या सुरात हॅगिस टेबलावर येतं, त्याला उद्देशून बर्न्सची कविता म्हटली जाते आणि कवितेत योग्य ओळ आली की त्यात सुरी खुपसली जाते. सोबत बटाटा आणि सलगमसारख्या कंदाचा लगदा. गरिबाघरचं, काहीही वाया न घालवणारं अन्न सगळ्यांत मानाचं ठरावं, यात बर्न्सचा हात मोठा आहे.

बर्न्सची दुसरी बाजूही आता उघडपणे बोलली जाते. १७८६ मध्ये तो जमैकातल्या, गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या मळ्यावर नोकरीला निघाला होता. पहिला कवितासंग्रह गाजला म्हणून ते राहिलं. ग्लासगोची श्रीमंतीही तंबाखू आणि साखरेच्या व्यापारातून, म्हणजे गुलामगिरीतूनच वाढली. २०२२ मध्ये तिथल्या पालिकेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

रोजच्या जगण्यातलं स्कॉटलंड

हवामान हा तिथला कायमचा विषय. ढगाळ, गार, रिपरिपत्या, कंटाळवाण्या दिवसाला एकच शब्द आहे: ‘ड्रीख’. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून येणारं धुकं म्हणजे ‘हार’. तरीही लोक डोंगरात जातातच. तीन हजार फुटांहून उंच असलेल्या २८२ शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. १८९१ मध्ये ह्यू मन्रो यांनी पहिली यादी केली म्हणून हे नाव. सगळी शिखरं सर करणं हा अनेकांचा आयुष्यभराचा छंद असतो. २००३ च्या कायद्यामुळे जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही बहुतेक खासगी जमिनीवरूनही चालत जाता येतं.

नाताळापेक्षा थाट मोठा तो वर्षअखेरीच्या ‘हॉगमनी’चा. धर्मसुधारणेनंतरच्या कडक चर्चला नाताळ पसंत नव्हता आणि १९५८ पर्यंत तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टीही नव्हती. मध्यरात्रीनंतर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाने कोळसा किंवा व्हिस्की घेऊन टाकावं, म्हणजे वर्ष चांगलं जातं, असा समज आहे.

आणि आयर्न ब्रू. कोका-कोलाला टक्कर देणारं हे भडक केशरी पेय. २०१८ मध्ये साखरेवरच्या करामुळे कंपनीने त्यातली साखर निम्म्याहून कमी केली, तेव्हा लोकांनी जुन्या बाटल्यांचे साठे करून ठेवले.

मराठी माणसाचा संबंध कुठे येतो?

‘कुछ कुछ होता है’च्या शीर्षकगीतातला पाण्याकाठचा किल्ला आठवतो? तो हायलँड्समधला आयलीन डोनान. पण नातं त्याहून जुनं आहे. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध करणारा साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ स्कॉटिश होता. त्याच्या इतिहासातल्या चुका मराठी अभ्यासकांनी पुढे नेटाने दाखवून दिल्या. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते मिशनरी जॉन विल्सनही तिथलेच. माहीमच्या बॉम्बे स्कॉटिश शाळेचं तर नावच पुरेसं आहे.

मग काळजी कशाची?

भाषेची. किल्ट आणि हॅगिस टिकून आहेत, त्यांना पर्यटकही आहेत. भाषेचं तसं नाही. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन भाषा आहेत. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. शाळेत ती बोलणाऱ्या मुलांना ‘नीट बोल’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दटावलं गेलं. त्यामुळे ती बोलणाऱ्या अनेकांना आजही आपण बोलतो ती भाषा आहे की बिघडलेली इंग्रजी, याचीच खात्री नसते. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं नोंदवलं.

गॅलिक अगदीच वेगळी, आयरिशच्या जवळची. १८७२ च्या शिक्षण कायद्यात तिचा उल्लेखही नव्हता. आता शहरांत गॅलिक माध्यमाच्या शाळा आहेत, टीव्ही वाहिनी आहे. गॅलिक बोलणाऱ्यांची संख्या २०११ मधल्या सुमारे ५७ हजारांवरून २०२२ मध्ये जवळपास ७० हजारांवर गेली. पण ही वाढ शिकून बोलणाऱ्यांमुळे आहे. जिथे ती घराघरांत, दुकानात आणि होडीवर बोलली जायची, त्या पश्चिमेकडच्या बेटांवर याच काळात ती बोलणारे निम्म्याहून कमी झाले. तरुण नोकरीसाठी बाहेर पडतात, घरं सुट्टीपुरती येणारे विकत घेतात, आणि आजीशी गॅलिकमध्ये बोलणारं नातवंड ग्लासगोत वाढतं.

२०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गॅलिक आणि स्कॉट्स या दोन्हींना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. तो दर्जा ३० नोव्हेंबरला, म्हणजे स्कॉटलंडचे संत अँड्र्यू यांच्या दिवशी लागू झाला. त्याच कायद्यात, गॅलिक बोलणारे जिथे जास्त आहेत असे भाग ‘विशेष भाषिक क्षेत्र’ म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे. त्या बेटांवर घर आणि नोकरी मिळेल का, हा प्रश्न मात्र भाषेच्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.