सगळं डी मध्ये टाक!

पीसीला फॉरमॅट मारायची वेळ आली की एक प्रश्न हमखास यायचा, "सगळं डी मध्ये टाकलंय ना?" विंडोज ९८ किंवा एक्सपीचा जमाना. पीसी असेंबल केलेला आणि पार्टिशन्सही असेंबल करणाऱ्यानेच पाडून दिलेली. सी मध्ये विंडोज, डी मध्ये 'आपलं', ई मध्ये गाणी आणि पिक्चर. हे कुणी पुस्तकात वाचलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सी मशीनचा, डी आपला.

ही वाटणी आली कुठून? मला आधी वाटायचं की कुणा हुशार माणसाने बसून विचार केला असणार. छे! इतिहासात निदान दोनदा ती झाली ती निव्वळ जागा पुरेना म्हणून.

पहिली खेप बेल लॅब्जमधली. १९७१ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स पीडीपी-११ वर चालत होतं. मेमरी २४ किलोबाइट आणि डिस्क अर्धा मेगाबाइट! आजच्या फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला एक धड फोटो त्यात मावणार नाही. आणि एवढ्याशा मशीनवर कंपनीच्या पेटंट विभागाचे टायपिस्ट रोज बसून अर्ज टाइप करत असत. मग काढता-घालता येणाऱ्या, प्रत्येकी अडीच मेगाबाइटच्या डिस्क आल्या. सिस्टीम राहिली छोट्या पण वेगवान डिस्कवर, आणि लोकांच्या फायली गेल्या दुसऱ्या डिस्कवर. तिथल्या डिरेक्टरीचं नाव '/यूएसआर', म्हणजे सरळसरळ यूजर. केनचं बिऱ्हाड '/यूएसआर/केन' मध्ये, रिचीचं '/यूएसआर/डीएमआर' मध्ये.

इथे युनिक्सने जे केलं ते मला आजही फार आवडतं. नव्या डिस्कला वेगळं अक्षर, वेगळा नंबर वगैरे काही दिलं नाही. आंब्याच्या फांदीवर कलम बांधावं तशी अख्खी डिस्क एका डिरेक्टरीवर 'माउंट' केली. वापरणाऱ्याला झाड एकच दिसतं. कुठली फांदी कुठल्या डिस्कवरची याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

पण मग व्हायचं तेच झालं. सिस्टीम फुगत गेली, पहिल्या डिस्कवर मावेना. जास्तीच्या कमांड्स ठेवायच्या कुठे? दुसऱ्या डिस्कवर जागा आहे की! अशी '/यूएसआर/बिन' जन्माला आली. पाहुणा म्हणून ओसरीवर टेकलेली सिस्टीम हळूहळू माजघरापर्यंत पोचली, आणि शेवटी घरच्यांनाच '/होम' नावाच्या नव्या जागेत बिऱ्हाड हलवावं लागलं. आज लिनक्सच्या '/यूएसआर' मध्ये यूजरचं काही म्हणता काही नसतं. काही जण त्याचा 'युनिक्स सिस्टीम रिसोर्सेस' असा लांबलचक अर्थ सांगतात, तो मागाहून चिकटवलेला. डिस्क भरली म्हणून झालेली ही फाळणी इतकी टिकली की फेडोराने '/बिन' आणि '/यूएसआर/बिन' एकत्र केले ते २०१२ मध्ये.

दुसरी खेप पीसीची. १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. ए मध्ये डॉसची फ्लॉपी घाला, बी मध्ये तुमची. गंमत बघा, वाटणी किती स्वच्छ! सिस्टीम एका हातात, काम दुसऱ्या हातात, आणि संध्याकाळी आपली फ्लॉपी खिशात. १९८३ साली पीसी-एक्सटीत १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिला पुढचं अक्षर सी मिळालं आणि दोन्ही गोष्टी एका डब्यात गेल्या.

मग डी कुठून आला? तर डॉसला ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा ड्राइव्ह झेपत नसे. ४० मेगाबाइटची डिस्क घेतली की ती तोडणं भाग होतं. १९८७ च्या डॉस ३.३ मध्ये त्याची रीतसर सोय झाली. पुढच्याच वर्षी डॉस ४ ने ती मर्यादा उठवली, पण मग २ गिगाबाइटची नवी भिंत आली. १९९६ मध्ये फॅट-३२ येईपर्यंत ती होतीच. तोवर लोकांना सवय लागली होती. मर्यादा गेली, पार्टिशन राहिलं!

आणि आता खरा विनोद. लोक जीव तोडून 'आपलं' ते डी मध्ये टाकत होते, आणि मायक्रोसॉफ्ट नेमकं उलटं करत होतं. विंडोज ९८ चं 'माय डॉक्युमेंट्स' सी वर, आणि डेस्कटॉप तर थेट विंडोजच्याच फोल्डरच्या पोटात. विंडोज २००० ने प्रत्येक यूजरला वेगळं घर दिलं, पण तेही सी वरच, 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मध्ये. (नावात स्पेस घालायची कल्पना ज्याला सुचली त्याने आम्हा प्रोग्रामर मंडळींचे किती तास खाल्ले असतील! २००७ मध्ये व्हिस्टाने ते साधं 'यूजर्स' केलं तेव्हा हुश्श झालं.) आमच्या शेजारच्या काकांनी मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो डेस्कटॉपवर ठेवले होते, समोर दिसतात म्हणून. फॉरमॅट मारायला आलेल्या पोराने डी ला हात लावला नाही, पद्धत पाळली. फोटो गेले. चूक नक्की कुणाची? माझ्या मते ना काकांची ना त्या पोराची. आपल्या वस्तूची जागा एक दाखवायची आणि पुसायची पाटी दुसरीच लावायची, हा घोळ ज्यांनी घातला त्यांची.

शिवाय डी ही काही वेगळी डिस्क नव्हे. त्याच फिरत्या तबकडीवर मारलेली एक रेघ. विंडोज बिघडलं तर ती रेघ वाचवते. मोटर बसली की दोन्ही बाजू एकदम बसतात. बॅकअप म्हणून डी मध्ये कॉपी करणारे कितीतरी महाभाग मी पाहिलेत.

ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनामध्ये सिस्टीम वेगळ्या, फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर टाकली आणि माणसाचा डेटा दुसऱ्यावर. फाइंडरमध्ये मात्र एकच डिस्क दिसते. म्हणजे पुन्हा युनिक्सचंच जुनं कलम.

फोनवरही ही वाटणी आहे. अँड्रॉइडमध्ये सिस्टीम एका पार्टिशनवर आणि फोटो, चॅट्स, ॲप्स सगळं 'डेटा' नावाच्या दुसऱ्यावर. फक्त फोन बिघडला आणि दुकानदाराने फॅक्टरी रिसेट मारला तर पुसलं जातं ते 'डेटा'. सी शाबूत राहतो, डी जातो.