संघ कुणाचा? ओकलंडच्या चाहत्यांचा उलटा बहिष्कार



या मालेत आपण राज्यांचा, संस्थांचा, चळवळींचा इतिहास पाहत आलो. आज एका बेसबॉल संघाचा पाहणार आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला बेसबॉल कशाला? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

१३ जून २०२३, मंगळवार. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर, सॅन फ्रान्सिस्कोसमोर खाडीपलीकडे वसलेलं. तिथल्या कोलिझियम मैदानावर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा सामना टँपा बेच्या संघाशी होता. अ‍ॅथलेटिक्स तेव्हा लीगच्या तळाशी होते. त्या हंगामात अनेक सामन्यांना दहा हजार माणसंसुद्धा तिथे जमत नसत. त्या संध्याकाळी मात्र २७,७५९ माणसं आली. हजारोंच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट आणि त्यावर एकच शब्द, ‘सेल’. विका. म्हणजे मालकांनी संघ विकून मोकळं व्हावं. पाचव्या डावाच्या आरंभी पहिला फलंदाज खेळत होता तोवर सगळं मैदान ठरवून गप्प बसलं. मग एकदम घोष उठला, ‘सेल द टीम’. या प्रकाराला लोकांनी नाव दिलं होतं ‘रिव्हर्स बॉयकॉट’, उलटा बहिष्कार.

बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण उलटा बहिष्कार? राग आला म्हणून दुकानात न जाणं समजू शकतं. राग आला म्हणून तिकीट काढून गर्दी करणं हे काय आहे? इथेच आपला विषय सुरू होतो.

मालकांचं म्हणणं असं होतं की ओकलंडमध्ये लोक सामन्याला येत नाहीत, म्हणून संघ चांगला ठेवणं परवडत नाही, म्हणून शहर सोडावं लागतंय. चाहत्यांचं म्हणणं, तुम्ही चांगले खेळाडू विकून टाकता, म्हणून आम्ही येत नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. पहिली गोष्ट दुसरीवर टेकलेली, दुसरी पहिलीवर. आधार कुणालाच नाही. आता या वर्तुळात चाहत्याने काय करावं? घरी बसला तर मालकांचंच म्हणणं सिद्ध होतं. गेला तर ज्याच्यावर राग त्याच्याच गल्ल्यात पैसे जातात. हा उभयतःपाश झाला. त्यातून वाट काढायची तर एकदा, एकाच दिवशी, सगळ्यांनी जाऊन दाखवायचं की माणसं आहेत. मैदानापासून त्यांना तोडलं ते तुमच्या कारभाराने. उलट्या बहिष्काराचा अर्थ एवढाच.

पण हे म्हणणं खरं होतं का? त्यासाठी इतिहासाकडे जावं लागतं.

अ‍ॅथलेटिक्स हा मूळचा फिलाडेल्फियाचा संघ, १९०१ सालचा. कॉनी मॅक हे पन्नास वर्षं त्याचे प्रशिक्षक आणि पुढे मालकही. त्यांच्या काळात संघाने पाच वेळा वर्ल्ड सीरीज जिंकली, आणि दोनदा मॅक यांनीच आपला विजयी संघ मोडला. पहिल्यांदा १९१४ नंतर, दुसऱ्यांदा महामंदीच्या दिवसांत. पैशाची निकड खरीच होती. पण मंदीतल्या त्या मोडतोडीनंतर फिलाडेल्फियात संघाने पुन्हा डोकं वर काढलं नाही. १९५४ साली तिथल्या लोकांनी ‘संघ वाचवा’ मोहीम चालवली, तरी संघ विकला गेला आणि १९५५ ला कॅन्सस सिटीला गेला. तिथे तेरा हंगाम झाले, त्यांतला एकही विजयी नव्हता. पुढे मालक झालेले चार्ली फिनली १९६७ साली ओकलंडला निघाले. नव्या मैदानासाठीच्या कर्जरोख्यांना तिथल्या मतदारांनी नुकतीच मंजुरी दिलेली होती, तरीही निघाले. मिसूरीचे सेनेटर स्टुअर्ट सिमिंग्टन इतके चिडले की ओकलंडला त्यांनी हिरोशिमानंतरचं सर्वांत नशीबवान शहर म्हटलं. कोणत्या अर्थाने, ते आपण समजून घेऊ.

सिमिंग्टन यांचं भाकीत लगेच खरं ठरलं नाही. १९७२, १९७३ आणि १९७४, सलग तीन वर्षं ओकलंडने वर्ल्ड सीरीज जिंकली. मग फिनली यांनीही मॅक यांचाच कित्ता गिरवला. १९७६ साली त्यांनी तीन मोठे खेळाडू एकदम रोख पैशाला विकायला काढले. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांनी तो व्यवहार रद्द केला, तरी ती फळी काही टिकली नाही. १९७९ साली संघ १६२ पैकी १०८ सामने हरला. त्या अख्ख्या हंगामात प्रेक्षक आले ३,०६,७६३. एप्रिलमधल्या एका सामन्याला तर ६५३. आपल्याकडे लग्नाला याहून जास्त माणसं येतात.

आता इथे थांबून बघा. १९७९ साली कुणी म्हणालं असतं की ओकलंडच्या लोकांना बेसबॉलचं प्रेम नाही, तर आकडे त्याच्या बाजूने होते. पण १९८० साली संघ वॉल्टर हास यांनी घेतला. लीव्हाय स्ट्रॉस, म्हणजे जीन्सवाले, त्या घराण्यातले. त्यांनी खेळाडू सांभाळले आणि गावात मिसळून राहिले. १९८८ ते १९९० सलग तीन वर्षं संघ अंतिम फेरीत गेला, १९८९ ला जिंकला. १९९० सालचे प्रेक्षक होते २९ लाख. शहर तेच, मैदानही तेच. अकरा वर्षांत प्रेक्षक नऊपट झाले. मधे बदलला तो मालक, आणि त्याच्यामुळे संघ. अन्योन्याश्रयाचं वर्तुळ कुठे तोडता येतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण इतिहासात सहसा सापडत नाही.

पुढची कथा तुमच्यातल्या अनेकांनी ‘मनीबॉल’ सिनेमात पाहिली आहे. २००२ साली, हाताशी पैसा थोडा असताना, बिली बीन यांनी आकडेमोडीच्या बळावर संघ उभा केला. त्याने सलग वीस सामने जिंकले आणि हंगामात एकूण १०३. सिनेमा छान आहे. पण त्याची एक बाजू चाहते वीस वर्षं भोगत होते. काटकसर ही अडचणीतली युक्ती न राहता कचेरीची नीती होऊन बसली. खेळाडू घडवायचा, तो नावारूपाला आला की महाग होण्याआधी दुसरीकडे धाडायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमची मुलगी फ्रीमाँटला असते, ओकलंडच्या दक्षिणेला. २०१८ च्या उन्हाळ्यात तिने आम्हाला कोलिझियमला नेलं. शेजारी एक वृद्ध बाई मांडीवर वही घेऊन पेन्सिलीने प्रत्येक चेंडूची नोंद करत होत्या. संघ त्या वर्षी उत्तम खेळत होता. मुलगी त्यांना म्हणाली, या वर्षी टीम छान आहे. बाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, ‘‘हो ना. म्हणजे लवकरच विकतील.’’

बाईंचं गणित चुकलं नाही. संघाने २०१८ आणि २०१९ ला प्रत्येकी ९७ सामने जिंकले. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये ओल्सन, चॅपमन, बॅसिट, मनाया असे चौघे काही आठवड्यांत दुसऱ्या संघांना दिले गेले. त्या वर्षी १०२ पराभव, पुढच्या वर्षी ११२. मॅट ओल्सन २०२३ साली अटलांटाकडून ५४ होमरन मारत होता आणि ओकलंडचा पगारखर्च लीगमध्ये सर्वांत कमी होता. मालक जॉन फिशर, गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या संस्थापकांचे चिरंजीव. एप्रिल २०२३ मध्ये संघाने लास व्हेगासला जागा पाहिल्याचं जाहीर केलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे व्याख्यान न राहता घोषणा होईल. कोलिझियम १९६६ चं. २०१३ साली तिथे मैलापाणी तुंबून खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं होतं. नवं मैदान हवं होतं, यात वाद नाही. फ्रीमाँटची योजना २००६ साली आली आणि २००९ ला बारगळली. स्थानिक रहिवाशांचा विरोध होता. सांगायला हरकत नाही, विरोध करणाऱ्यांत आमचे जावईही होते. सॅन होजेला जायचं तर तो मुलूख सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचा म्हणून लीगने राखून ठेवलेला. ओकलंडच्या बंदरावरची योजना कित्येक वर्षं वाटाघाटींत अडकली. शहरही हात आखडत होतं, पण त्यालाही कारण होतं. रेडर्स या फुटबॉल संघासाठी १९९५ च्या सुमारास कोलिझियममध्ये एक प्रचंड गॅलरी बांधली गेली. तिने मागच्या टेकड्या झाकून टाकल्या, आणि रेडर्स व्हेगासला निघून गेल्यावरही तिचं कर्ज करदाते फेडत राहिले. ताकाने नव्हे, दुधानेच तोंड पोळलेलं होतं.

तरी मूळ प्रश्न उरतोच. चाहत्याकडे साधन काय? अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात सांगितलं, की एखादी संस्था घसरायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात. एक, सोडून जाणं. दोन, तिथेच राहून आवाज उठवणं. निष्ठा असली की माणूस जाणं लांबवतो आणि बोलत राहतो. हर्शमनना हे सुचलं नायजेरियाच्या रेल्वेवरून. ज्या गिऱ्हाइकांनी भांडून रेल्वे सुधारली असती, तेच आधी ट्रककडे वळले. रेल्वेला ना आच लागली, ना ती सुधारली.

बेसबॉलच्या चाहत्याला ट्रकसुद्धा नाही. मोठ्या लीगमध्ये तीस संघ. एकतिसावा काढायचा तर याच तीस मालकांची संमती लागते. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. कर्ट फ्लड या खेळाडूच्या खटल्यात, १९७२ ला, न्यायालयाने ही विसंगती असल्याचं मान्य केलं, पण दुरुस्ती काँग्रेसने करावी म्हणून तशीच ठेवली. सॅन होजे शहराने २०१३ ला केलेला दावाही याच भिंतीवर आपटला. म्हणजे सोडून जाण्याला अर्थ नाही, आणि आवाज ऐकायला कुणी बांधील नाही. उरते ती निष्ठा, आणि नेमकी तीच मालकाच्या हिशेबात फुकट धरलेली असते.

चाहत्यांना कचेरीत बसवलं असतं तर काय झालं असतं? तेही एकदा झालंय. २४ ऑगस्ट १९५१, सेंट लुईस ब्राउन्स, त्या काळचा रडतखडत चालणारा संघ. मालक बिल व्हेक यांनी प्रेक्षकांच्या हातात ‘हो’ आणि ‘नाही’चे फलक दिले आणि डावपेच त्यांना विचारून ठरवले. ब्राउन्स ५-३ ने जिंकले. हरलेला संघ कोणता? फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स!

तर, १३ जूनला ओकलंडने सामना जिंकला, २-१. लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी नंतर त्या गर्दीची संभावना केली ती अशी, की एका रात्रीपुरती ही साधारण सरासरीइतकी गर्दी जमली. त्याच दिवशी नेवाडाच्या सेनेटने व्हेगासच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक पैशाचं विधेयक मंजूर केलं, आणि दोन दिवसांत राज्यपालांची सही झाली. नोव्हेंबरात तीसच्या तीस मालकांनी स्थलांतराच्या बाजूने मत दिलं. चाहते युक्तिवाद जिंकले आणि संघ हरले. एखादी गोष्ट खरी ठरणं आणि ती मान्य होणं यांत किती अंतर असतं, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

‘मिलिंदपन्ह’मध्ये नागसेन राजाला विचारतात, तुझा रथ म्हणजे नेमकं काय? चाक? आस? जू? यांतलं एकही नाही. रथ हे या सगळ्यांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. संघाचंही तसंच बघा. खेळाडू बदलले, मालक बदलले, तीन शहरं मागे पडली. २०२५ पासून संघ सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात तात्पुरता खेळतो, आणि त्याच्या नावात शहरच नाही, नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. मालकी हक्काचा कागद सुखरूप पोचला. पण ज्या जुळणीला ओकलंडचे लोक संघ म्हणत, तिच्यात रेल्वे स्टेशनवरून मैदानाकडे जाणारा पूल होता, उजव्या गॅलरीतले ढोल होते, त्या बाईंची वही होती. ते भाग फिशर यांच्या मालकीचे नव्हते, म्हणून त्यांना नेता आले नाहीत. आमच्या मते चाहत्यांच्या रागाचा आधार हाच आहे. मालमत्ता एकाची असेल, पण तिचं मोल वाढवलं अनेकांनी. त्या अनेकांना विचारण्याची कायद्यात सोय नाही, म्हणून त्यांचा हक्क खोटा ठरत नाही.

ओकलंडमधला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ ला झाला. ४६,८८९ माणसं आली, संघ ३-२ ने जिंकला. लोकांनी मैदानातली माती घरी नेली. त्याच वर्षी ‘ओकलंड बॉलर्स’ हा छोट्या लीगमधला नवा संघ खेळू लागला होता. त्याने चाहत्यांनाच भाग विकले, आणि २०२५ साली त्याने आपल्या लीगचं अजिंक्यपद मिळवलं.

आणि रिकाम्या कोलिझियमचं काय झालं? १२ जून २०२५ ला तिथे क्रिकेट झालं. अमेरिकेतल्या मेजर लीग क्रिकेटचा सामना. फिन अ‍ॅलनने ५१ चेंडूंत १५१ धावा काढल्या, १९ षटकार मारले. आमचा नातू गेला होता. फोनवर विचारलं, कसं झालं रे? म्हणाला, आजोबा, सिक्सर पाहून पाहून मान दुखली. पण आमच्या पुढच्या रांगेत एक काका तो हिरवा ‘सेल’वाला शर्ट घालून बसले होते.

आता आपण प्रश्नांकडे वळू.