पाळण्यांतली संगत

बाळाचा जीव वाचविणें आणि त्याला माणसांत आणणें हीं दोन वेगळीं कामें होत. विधवांच्या पोटीं आलेल्या अर्भकांची हत्या थांबावी म्हणून लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पंढरपुरांत बालहत्या-प्रतिबंधक गृह निघालें. पहिलें काम तेथें सुरू झालें. परंतु दुधानें व छपरानें जगलेलें मूल पुढें संसारास समर्थ कशानें होतें?

या प्रश्नावर प्रयोगशाळेंतून प्रकाश पडावयास सुमारें ऐशीं वर्षें लागलीं. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत हॅरी हार्लो यांनीं लाल तोंडाच्या माकडांचीं पिलें जन्मल्याबरोबर एकेकटीं पिंजऱ्यांत वाढविलीं. अन्नपाण्यास उणें नव्हतें. तरी वयांत आल्यावर जोडीदार समोर येतांच तीं बावरत वा चावावयास धांवत. समागम त्यांस साधेना. ज्या माद्या तरीही व्याल्या, त्यांतील कित्येकींनीं पिलांस झिडकारलें. उलट, आईविना पण सवंगड्यांत वाढलेलीं पिलें कांहींशीं भित्रीं निघालीं, तरी त्यांच्या जोड्या बहुधा जमल्या. पुढें १९७२ सालीं सुओमी व हार्लो यांनीं सहा महिने एकांतांत काढलेल्या पिलांस तीन महिन्यांचीं पिलें सोबतीस दिलीं. तेव्हां तीं बिचकलेलीं पिलें हळूहळू खेळूं लागलीं.

हे प्रयोग निर्दय होते, आणि माकडावरून माणूस जोखावयाचा तो जपूनच. तथापि अशा गृहांचा इतिहास लिहितांना पाळण्यांबरोबर अंगणाचाही हिशेब धरावा. पोरक्या मुलाचें पहिलें सोयरें बहुधा शेजारच्या पाळण्यांतलें दुसरें पोरकें मूलच असतें.