शके १०७५: पाटणच्या श्रीदेवीच्या दारी

धुळ्याहून चाळीसगावची गाडी धरा, तिथून पाटणादेवीच्या रस्त्याला लागा आणि जंगल सुरू झालं की घड्याळ खिशात टाका. आता शके १०७५ चालू आहे, म्हणजे सन ११५३.

डोंगराच्या कुशीत पाटण वसलंय. टाकीचे घाव ऐकू येतात, त्या दिशेने चला. काळ्या दगडातलं महादेवाचं देऊळ पुरं होत आलंय. निकुंभ घराण्याच्या इंद्रराजाने ते आरंभलं आणि तो गेला. त्याचा मुलगा गोवन अजून लहान आहे. म्हणून कारभार पाहते त्याची आई, सगर कुळातून इथे सून म्हणून आलेली श्रीदेवी.

तिचा चेहरा कुणी कोरून ठेवलेला नाही, तो तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. नवऱ्याचं सुतक सरलंय, पण कामं थांबलेली नाहीत. पाथरवटांना धान्य मोजून द्यायचंय, गावोगावचा वसूल यायचाय. वर सेऊण यादव धनी आहेत. मांडलिकाच्या गादीवर पोर बसलं की शेजाऱ्यांना जुन्या शिवा आठवतात, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. दुपारी पंगतीत तुम्हाला भाकरी आणि वांग्याचं भरीत मिळेल. ठेचा मागू नका. मिरची या मुलखात यायला अजून तीनशेहून जास्त वर्षं आहेत.

याच सुमाराला फ्रान्समध्ये ॲक्विटेनची एलिनॉर गाजतेय. ११५२ मध्ये फ्रान्सच्या राजाशी तिची काडीमोड झाली आणि त्याच वर्षी तिने हेन्रीशी लग्न केलं. ११५४ मध्ये तो इंग्लंडचा राजा होईल आणि ती राणी. तिच्याकडे बापाकडून आलेला स्वतःचा मुलूख आहे, तिच्यावर लिहायला बखरकार आहेत. श्रीदेवीकडे मुलाच्या नावाने चालवायची उसनी सत्ता आहे आणि लिहून ठेवायला देवळातली एक शिळा. पुढे ११७३ मध्ये एलिनॉरची मुलं बापाविरुद्ध उठतील आणि मुलांची बाजू घेतली म्हणून ती कैदेत पडेल. इकडे गोवन मोठा होऊन गादी सांभाळेल.

आता चोपन्न वर्षं पुढे या. सन १२०७. श्रीदेवीचा नातू सोइदेव भास्कराचार्यांच्या नातवाला, यादवराजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी असलेल्या चांगदेवाला, पाटणच्या मठासाठी दान देतोय. मठात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायचे आहेत. ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा, म्हणजे श्रीदेवीच्याच काळातला. सोइदेवाचा धाकटा भाऊ हेमाडिदेव हे दान पुढे चालू ठेवतो. या दानलेखाचा शेवट मराठीत आहे आणि मठाला घाण्यामागे किती तेल द्यायचं, तेही त्यात सांगितलंय.

दान द्यायला आधी राज्य हाती लागतं. पोराच्या वतीने कारभार करणाऱ्या बाईचा हिशेब लढायांनी होत नाही. गादी परत करताना ती किती शाबूत होती, यावर होतो. श्रीदेवीने ती मुलाला दिली, आणि पुढे दोन नातवंडं त्याच गादीवर बसली.