दोन ठराव, एक तारीख आणि बाबासाहेब

१९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘ऑल मेन’ असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली. उद्या कोणी याचा अर्थ ‘फक्त पुरुष’ असा लावेल, ही त्यांची भीती होती. म्हणून तिथे ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’ आले. ही भारताची अभिमानाची बाजू. पण पुढे काय झाले?

१८ डिसेंबर १९७९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवणारा करार, म्हणजेच ‘सीडॉ’, १३० मतांनी स्वीकारला. विरोधात एकही मत नव्हते. भारताने १९९३ मध्ये त्याला मंजुरी दिली, पण एक मेख मारून ठेवली. विवाह व कुटुंबातील समानतेची कलमे पाळू, पण कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही! आम्ही विचारतो, समाज म्हणजे कोण? संमती देणारे पंच कोण? हाच अडथळा हिंदू कोड बिलाच्या वाटेत उभा होता. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, त्यामागे या बिलाची झालेली परवड हे मोठे कारण होते.

आता दुसरा १८ डिसेंबर, साल २००७. फाशीची अंमलबजावणी जगभर थांबवावी, असा ठराव आमसभेत १०४ विरुद्ध ५४ मतांनी मंजूर झाला. भारताने विरोधात मत दिले. कारण काय, तर आपली कायदेव्यवस्था ठरवणे हा प्रत्येक देशाचा सार्वभौम अधिकार आहे.

म्हणजे घरातल्या स्त्रीला समानता द्यायची वेळ आली की राज्यसंस्था रूढीपुढे हात जोडते, आणि कैद्याचा जीव घ्यायचा असला की तीच सर्वशक्तिमान होते. तो कैदी कोण असतो? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालानुसार, फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी ७६ टक्के कैदी मागासवर्गीय आणि धार्मिक अल्पसंख्याक होते.

मित्रांनो, इथे आपणही स्वतःला तपासले पाहिजे. खैरलांजीनंतर चळवळीने आरोपींना फाशी मागितली. तो संताप खराच होता. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पण दोन्ही न्यायालयांत ॲट्रॉसिटी कायदा लागूच झाला नाही. फाशीच्या चर्चेत जातीचा गुन्हा ‘जातीचा’ म्हणून सिद्ध करण्याची मूळ लढाई मागे पडली, असे आम्हाला वाटते.

३ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत मांडले होते. हा देश अहिंसा आचरणात आणत नसला तरी नैतिक आदर्श म्हणून मानतो, तर फाशीच काढून टाकणे योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हिंदू कोड बिल आणि फाशी, दोन्हींत बाबासाहेबांनी रूढी आणि सूड यांच्या वर माणूस ठेवला. सरकारला ‘सीडॉ’वरील ती अट मागे घ्यायला लावणे आणि फाशीविरोधी मताची मागणी करणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.

जय भीम!